हायवेकाठचे आठवडी बाजार

आमच्या जळकोटच्या शेतातला माल दोन वाटांनी बाहेर पडतो. सोयाबीन, उडीद, तूर, हरभरा पोत्यांत भरून आडतीवर जातो. तिथं भाव दुसऱ्यानं बोलायचा आणि आपण ऐकायचा. मेथी, कोथिंबीर, वांगी, गवार, दोडका, मिरची पाट्यांत भरून आठवडी बाजारात जाते. तिथं भाव आपण बोलायचा. गेली कितीतरी वर्षं मी ही दुसरी वाट धरून आहे. शेतीतलं मला जे काही कळतं, त्यातलं अर्धंअधिक मी बाजारात बसून शिकले.

जळकोट तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. जुनी माणसं अजून या रस्त्याला नऊ नंबरचाच हायवे म्हणतात, कागदावर तो आता 65 आहे. पश्चिमेला नळदुर्ग, मग अणदूर, इटकळ आणि सोलापूर. पूर्वेला येणेगूर, दाळिंब, उमरगा. दक्षिणेला थोडं उतरलं की कर्नाटक. बाजारात मराठीबरोबर कानडी कानावर पडतं आणि आमच्या बायका दोन्ही भाषांत घासाघीस करतात. एका गावचा बाजाराचा वार दुसऱ्याला सहसा लागत नाही. त्यामुळं बांगड्यावाला, मसालेवाला, कपडेवाला या सगळ्यांचा आठवडा गावोगाव फिरतो. भाजीवाल्या शेतकऱ्याला इतकं फिरणं जमत नाही, शेत सांभाळायचं असतं. तो आसपासचे दोन-तीन बाजार धरतो.

मला बाजारात पहिल्यांदा नेलं ते आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. विहिरीजवळच्या तुकड्यात त्या भाजी करायच्या. घरच्यापुरतं ठेवून उरलेली बाजारात न्यायची, आणि त्या पैशावर घरातल्या कुणी हक्क सांगायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. तेल, मीठ, साबण, पोरांच्या वह्या, पाहुण्याच्या हातावर ठेवायचे पैसे, सगळं त्यातून निघायचं. घरातल्या पुरुषांचं पीक वर्षातून एकदा-दोनदा पैसा दाखवायचं, आत्यांचा तुकडा दर आठवड्याला.

पुढं आमच्या तालुक्यात गावोगाव बायकांच्या बैठका होऊ लागल्या, तेव्हा हीच गोष्ट नीट मांडलेली ऐकली. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था लातूर-धाराशिव भागात काम करू लागली. तिनं पुढं ‘एक एकर’ शेतीची पद्धत बायकांपर्यंत नेली. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या विचारानं करायचा, त्यात भाज्या, कडधान्यं, ज्वारी-बाजरी मिसळून घ्यायची, खत-औषध शक्यतो घरचं वापरायचं, आधी घरच्यांनी खायचं आणि मग विकायचं. या कामाला 2017 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालं. आत्यांना पारितोषिकाचं ऐकून आनंद झाला, पण एक एकराचं त्यांना नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, “बाईच्या हातात रान दिलं की चूल बंद पडत नाही, हे आमाला ठावं हाय.”

बाजाराची तयारी आदल्या दिवशी दुपार कलल्यावर सुरू होते. भर उन्हात काढलेली पालेभाजी माना टाकते. म्हणून मेथी, शेपू, कोथिंबीर ऊन उतरल्यावर उपटायची. मुळांची माती झटकायची, पण मुळं तोडायची नाहीत, त्यांच्यावरच जुडी सकाळपर्यंत टिकते. जुड्या बांधताना हाताचा अंदाज सारखा पाहिजे. एक जुडी मोठी आणि एक लहान झाली की गिऱ्हाईक सगळा ढीग उपसतं. रात्री पाट्यांवर ओलं पोतं टाकायचं. वांगी मात्र ओली ठेवायची नाहीत, डाग पडतो. गवार पहाटे तोडली तर कोवळी राहते. मिरची देठासकट तोडायची. टोमॅटो पूर्ण लाल होण्याआधी उतरवायचा, नाहीतर टेम्पोच्या धक्क्यांनी कॅरेटच्या तळाशी चिखल होतो.

सकाळी टेम्पोत माल चढतो आणि मालाबरोबर आम्हीही. बाजारात गेल्यावर पहिलं काम जागा धरण्याचं. कुणाची जागा कुठं, हे कुठं लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं. कडुनिंबाखालची जागा जुन्या म्हाताऱ्यांची. तोंडाशी फळवाले. मधल्या ओळीत व्यापारी, म्हणजे सोलापूरहून माल आणून विकणारे. आम्ही शेतकरी कडेनं, जमिनीवर पोतं अंथरून. आत्यांच्या माघारी मी त्यांच्या जागेवर बसू लागले तेव्हा शेजारच्या मावशींनी पोतं सरकवून मला जागा करून दिली. बाजारात वारसा असा चालतो.

पहिल्या विक्रीला आम्ही भवानी म्हणतो. पहिलं गिऱ्हाईक सहसा परत पाठवत नाहीत, चार पैसे कमी घेऊनही देतात. नोट कपाळाला लावायची आणि पाटीखाली ठेवायची. आता गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देतं, तरी पहिली रक्कम रोख मिळाली तर बायकांना बरं वाटतं. माझ्याकडेही क्यूआर कोडचा पुठ्ठा आहे. सुट्ट्या पैशांची कटकट त्यानं पुष्कळ कमी झाली. पूर्वी मोड नाही म्हणून गिऱ्हाईक शेजारी जायचं.

दिवसभरात भाव तीनदा बदलतो. सकाळी नोकरदार आणि खानावळवाले येतात. त्यांना ताजं आणि निवडक पाहिजे असतं, ते भावाला फार ताणत नाहीत. दुपारी बाजार ओस पडतो. खरी गर्दी चारनंतर, मजूर बाया-माणसं कामावरून सुटल्यावर. आमच्याकडं शेतमजुरीचा हिशोब अजूनही पुष्कळदा बाजाराच्या दिवशी होतो. हातात आठवड्याचे पैसे आले की माणूस सरळ बाजार गाठतो. त्याला आठवडाभर टिकणारी भाजी पाहिजे, म्हणून कांदा, बटाटा, वांगी, लसूण. पालेभाजी एक-दोनच जुड्या. दिवे लागायच्या सुमाराला बाजार फुटायला लागतो, तेव्हा उरलेल्या मालाचे वाटे लावायचे. सकाळी 15 रुपयांना गेलेली मेथीची जुडी संध्याकाळी 5 रुपयांना द्यावी लागते, कारण परतीच्या टेम्पोत तिला किंमत नाही. ज्यांची मिळकत कमी आहे ती माणसं या वेळेची वाट पाहत थांबलेली असतात. त्यांच्या पिशवीत भाजी जाते ती या वाट्यांमुळं. म्हणून शेवटचा तास मी तोट्यात धरत नाही.

बाजारानं मला पेरायचं शिकवलं, ते मुख्यतः सणावारांमुळं. अणदूरच्या खंडोबाचं उदाहरण सांगते. हा देव वर्षातला बहुतेक काळ अणदूरला असतो आणि पौषाच्या यात्रेला नळदुर्गजवळच्या मैलारपूरला येतो. खंडोबा ज्यांच्या घरचा, त्या घरांत चातुर्मासात वांगं आणि कांदा वर्ज्य असतो. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला देवाला वांग्याचं भरीत, पातीचा कांदा आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग घरात वांगं शिजायचं. त्या आठवड्यात बाजारात वांग्याला आणि पातीला जी मागणी असते ती वर्षात एरवी नसते. हे ध्यानात आल्यापासून मी वांग्याची रोपं भाद्रपदात लावते, म्हणजे चंपाषष्ठीला झाड भरात असतं.

त्यानंतर मार्गशीर्षातच अमावस्येला येळवस येते. लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. या दिवशी घर बंद करून सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप करायची, पाच दगड मांडून पांडवांची पूजा करायची आणि रानातच जेवायचं. ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातली आंबील आणि भज्जी. भज्जीत ओला हरभरा, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, गाजर, मेथी, कांद्याची पात, जे रानात असेल ते सगळं बेसनात शिजतं. येळवशीच्या आधीचा बाजार हा भाजीवाल्यांचा वर्षातला सर्वांत मोठा बाजार. मेथी महिन्याभरात काढणीला येते, म्हणून कार्तिक संपता संपता वाफे टाकायचे. त्या दिवशी संध्याकाळी वाटे लावायची वेळच येत नाही. गिऱ्हाईक विचारतं, “मावशी, पात कशी दिली?” आणि मी उत्तर देईपर्यंत दुसरीनं उचललेली असते.

आश्विनात तुळजापूरचं नवरात्र आणि कोजागिरीची यात्रा. कर्नाटक-तेलंगणातून पायी येणारे भाविक आमच्या रस्त्यानं जातात. उपवासाच्या दिवसांत भाजीपेक्षा रताळी, काकडी, भुईमुगाच्या शेंगा चालतात. ज्यानं आषाढात रताळ्याचे वेल लावले नाहीत त्यानं आश्विनात हळहळून उपयोग नाही.

भाजीच्या ओळीपलीकडं धान्याचा बाजार भरतो. तिथं मोठे व्यापारी असतात तशा पायली-दोन पायली ज्वारी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याही. मालदांडी ज्वारी असेल तर बायका ओंजळीत घेऊन बघतात, दाताखाली दाणा फोडतात. ही मालदांडी आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळची. तिथं निवडलेल्या वाणाला ‘एम 35-1’ हे नाव मिळालं, आणि रब्बीत कोरडवाहू रानात ती अजून पेरली जाते. भाकरीला गोड आणि कडब्याला उंच, म्हणजे माणूस आणि जनावर दोघांचं भागवणारी. त्याच्या पलीकडं शेळ्यांचा बाजार. आमच्या जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण उस्मानाबादी शेळीचं नाव तेच आहे. बहुतेक काळीभोर, पाणी-चारा कमी असला तरी तग धरणारी आणि पुष्कळदा जुळी देणारी. भाजीत एखादं वर्ष बुडालं तर शेळीचं करडू विकून बियाणं येतं. लहान शेतकऱ्याची ठेव ती.

आमच्या जिल्ह्यात बाजार ही फार जुनी गोष्ट आहे. तेरणेकाठचं तेर, म्हणजे जुनं तगर, आमच्याच जिल्ह्यात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली, त्या ‘पेरिप्लस’ ग्रंथात तगराचं नाव येतं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठं गाव आहे आणि तिथून कापड गाड्यांत भरून भरूचच्या बंदराकडं जातं, असं त्यात आहे. तेरच्या संग्रहालयात त्या काळच्या वस्तू पाहताना माझ्या मनात आलं, की कापड करणाऱ्याच्या हाताला त्यातलं किती लागत असेल? हा प्रश्न दोन हजार वर्षांनंतरही जुना झालेला नाही.

याच प्रश्नासाठी मी सोलापूरच्या बाजार समितीतही माल पाठवून पाहिला आहे आणि स्वतः जाऊनही. तिथला पसारा मोठा. कांद्याच्या हंगामात ट्रकांच्या रांगा पाहून जीव दडपतो. पालेभाजीचा सौदा शेकड्यावर होतो, शंभर जुड्यांना अमुक. पहाटे सौदा झाला की हाताशी पट्टी येते. माल जास्त असेल तर तिथंच न्यावा लागतो, एका बाजारात पाचशे जुड्या खपत नाहीत. पण पट्टीवर फक्त आकडा असतो. भाव का पडला, गिऱ्हाइकाला जुडी लहान वाटली की पानं पिवळी, हे पट्टी सांगत नाही. आठवडी बाजारातलं गिऱ्हाईक ते तोंडावर सांगतं. “मागच्या बाजारची गवार जून होती गं,” असं एका बाईनं मला सांगितलं, तेव्हापासून मी एक दिवसाआड तोडायला लागले.

सरकारनं 2016 साली फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. त्याच साली राज्याच्या पणन मंडळानं संत सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडी बाजारांची मोहीम सुरू केली. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांजवळ शेतकऱ्यांचे गट थेट भाजी विकू लागले. सावतोबा आमच्या शेजारच्याच अरणचे, मळ्यात देव पाहणारे. नाव योग्यच दिलं. आमच्या हायवेच्या दुसऱ्या टोकाला, हैदराबादेत, हे त्याआधी झालं होतं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशानं 1999 साली रयतू बाजार सुरू केले. त्यात शेतकऱ्याला ओळखपत्र, बसायला ओटा, डोक्यावर छप्पर आणि फळ्यावर लिहिलेला दिवसाचा भाव. पाहुण्यांकडं गेले असताना मेहदीपट्टणमचा रयतू बाजार पाहिला, तिथून निघावंसं वाटत नव्हतं.

माझी भाची शिकायला फ्रान्समध्ये ग्रेनोबलला आहे. आल्प्सच्या डोंगरांनी वेढलेलं शहर. तिथले बाजार ती मला फोनवर फिरवून दाखवते. रेल्वेच्या उंच पुलाखाली भरणारा एक बाजार तिनं दाखवला, तिथं शेतकरी आणि व्यापारी दोघंही असतात. आपल्या शेतातला माल आणणारा तशी पाटी लावून बसतो. मालावर भाव आणि तो कुठून आला हे लिहिलेलं. शहराच्या जुन्या भागात सेंट क्लेअर नावाची मंडई आहे, 1874 साली बांधलेली, लोखंड आणि काचेची. तिथल्या अक्रोडाला 1938 सालीच त्या भागाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण मिळालं. आमच्याकडं कुंथलगिरीच्या खव्याला आणि तुळजापूरच्या कवड्याच्या माळेला भौगोलिक मानांकन मिळालं ते 2024 साली. भाचीनं विचारलं, “मामी, तुला काय आवडलं इथलं?” मी म्हटलं, “पूल. ऊन-पाऊस काही लागत नाही बघ.”

खरंच, आमच्या बाजारात सगळ्यांत जास्त त्रास उन्हापावसाचा. एप्रिल-मेमध्ये जमीन तापते, पोत्याखालून चटका बसतो आणि दहा वाजल्यापासून कोथिंबीर सुकायला लागते. पावसाळ्यात चिखल. छत्री बांधली तरी वाऱ्यानं उलटते. त्याहून अवघड गोष्ट बायकांनाच माहीत आहे. पहाटे घर सोडल्यापासून रात्री परत येईपर्यंत जायला जागा नसते, म्हणून कितीतरी जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या बायका मूतखड्याच्या, लघवीच्या त्रासाच्या गोष्टी एकमेकींना हळू आवाजात सांगतात. हे मी मुद्दाम इथं लिहिते आहे, कारण बाजारावर लिहिताना लोक भाज्यांच्या रंगांबद्दल लिहितात आणि हे सोडून देतात.

2020 च्या मार्चात टाळेबंदी लागली आणि आठवडी बाजार बंद झाले. रानात माल उभा होता. आम्ही गल्लोगल्ली फिरून विकला, काही वाटून टाकला, काही जनावरांना घातला. बाजार पुन्हा भरला त्या दिवशी माणसं नुसती भाजीसाठी आली नव्हती. कुणाच्या घरी काय झालं, कोण गेलं, कुणाचं लग्न लांबलं, हे सगळं पोत्यावर बसून बोललं गेलं. आठवडी बाजार बंद पडला तर लहान शेतकऱ्याचा भाव बोलायचा हक्क बंद पडतो आणि खेड्यातल्या बाईचं घराबाहेरचं बोलणंही, हे त्या महिन्यांत मला पुरतं कळलं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ग्रामपंचायतीच्या 1958 च्या कायद्यात आठवडी बाजारावर फी आकारायची सोय आहे आणि ती फी आम्ही दर बाजारी न चुकता देतो. तिची पावती आमच्या पाटीखाली असते. त्या पैशातून पत्र्याची दोन छपरं, बसायला ओटे, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि बायकांसाठी पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह होऊ शकतं. हा विषय मांडायची जागा म्हणजे ग्रामसभा. ज्यांच्या गावात आठवडी बाजार भरतो त्यांनी येत्या ग्रामसभेत तो मांडावा. आणि जे शहरातून या रस्त्यानं जातात त्यांनी बाजार दिसला तर गाडी थांबवावी, कडेनं जमिनीवर बसलेल्या बाईकडून भाजी घ्यावी आणि ती कुठल्या रानातली, हे तिला विचारावं. ती सांगेल, कारण ते रान तिनंच केलेलं असतं.